रांगेतला पहिला

शाळेत प्रार्थनेची रांग उंचीप्रमाणे लावायची पद्धत कोणी सुरू केली कोण जाणे. मी नोकरीला लागले तेव्हा होती, निवृत्त झाले तेव्हाही होती. बुटका पुढे, उंच मागे. तेहतीस वर्षं मी रोज सकाळी त्या रांगांसमोर उभी राहिले, आणि खरं सांगते, पहिल्या नंबरच्या मुलाला काय वाटत असेल हा विचार माझ्या मनात एकदाही आला नाही. उलट एका मुलाला तर मी स्नेहसंमेलनात लागोपाठ तीन वर्षं वामन केलं. पाचवीत, सहावीत आणि सातवीत. छत्री, कमंडलू, लंगोटी आणि बळीच्या डोक्यावर पाय. दरवर्षी हशा आणि टाळ्या. पोशाख दरवर्षी तोच पुरतो, याचं आम्हा शिक्षिकांना केवढं कौतुक!

हे सगळं आठवायला निमित्त झालं माझ्या भाचीच्या फोनचं. तिचा मुलगा अकरा वर्षांचा आहे. वर्गात सगळ्यात लहान दिसतो. कोणीतरी सुचवलं म्हणून त्याला डॉक्टरांकडे नेलं, तर तिथे ग्रोथ हॉर्मोनचा विषय निघाला. रोज रात्री एक इंजेक्शन, तेही काही वर्षं. महिन्याचा खर्च त्यांच्या घराच्या हप्त्याएवढा. सासूबाई म्हणतात, "द्या, मुलाची जात आहे, उंची हवी." नवरा म्हणतो, "नको." आणि ही मला विचारते, "मावशी, तुला काय वाटतं?"

मला काय वाटणार? मी बी.ए. मराठी. पण इतिहासही शिकवला आहे, त्यामुळे कुठलीही गोष्ट कळेनाशी झाली की ती पहिल्यापासून कशी घडत आली ते वाचायचं, ही माझी जुनी खोड. दोन महिने मिळेल ते वाचत होते. भाचीला फोनवर जे तुटक तुटक सांगितलं ते इथे सलग लिहून काढते. म्हणजे घरातल्या बाकीच्यांनाही वाचता येईल, आणि सासूबाईंनाही!

आधी एका बापाची गोष्ट. फ्रान्समध्ये १७५९ साली मॉन्तबेयार नावाच्या उमरावाला मुलगा झाला. या गृहस्थाने तो मुलगा अठरा वर्षांचा होईपर्यंत साधारण दर सहा महिन्यांनी त्याची उंची मोजून लिहून ठेवली. निसर्गशास्त्रज्ञ बुफाँ हा त्याचा स्नेही. त्याने ते आकडे आपल्या ग्रंथात छापले. एका मुलाच्या वाढीची अशी सलग नोंद त्याआधीची सापडत नाही म्हणतात. आपल्याकडे दाराच्या चौकटीवर पेन्सिलीने रेघा मारतात, तेच की हे! फक्त ती चौकट छापली गेली.

पुढे रेघांचे तक्ते झाले. इंग्लंडमध्ये जेम्स टॅनर नावाच्या डॉक्टरांनी १९४८ पासून हार्पेन्डेन इथल्या अनाथाश्रमातल्या मुलांची वर्षानुवर्षं मोजमापं घेतली. त्यांचे तक्ते १९६६ मध्ये आले आणि जगभर वापरले गेले. तक्ता म्हणजे काय, तर प्रार्थनेची रांगच. तुमच्या वयाची शंभर मुलं उभी केली तर तुमचा नंबर कितवा, एवढंच तो सांगतो. ते का, हे सांगत नाही. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता वाढ होते कशाने? मेंदूच्या खाली, कवटीच्या हाडातल्या एका खोबणीत, वाटाण्याएवढी पिट्युइटरी ग्रंथी असते. शाळेच्या पुस्तकात आपण तिला पीयूषिका म्हणायचो. १९२१ साली कॅलिफोर्नियात बर्कली इथे हर्बर्ट एव्हन्स आणि जोसेफ लाँग यांनी गुरांच्या या ग्रंथीचा अर्क उंदरांना टोचला, तर उंदीर राक्षसासारखे वाढले. पुढच्याच वर्षी इन्सुलिनने मधुमेहाची मुलं वाचायला लागली, आणि ते इन्सुलिनही गुराढोरांच्या ग्रंथींतूनच काढलेलं. साहजिकच सगळ्यांना वाटलं, हेही तसंच होणार. १९४४ मध्ये चो हाओ ली आणि एव्हन्स यांनी गाईचं वाढीचं हॉर्मोन शुद्ध स्वरूपात वेगळं काढलं. मुलांना देऊन पाहिलं आणि... काही नाही. मुलं तसूभरही वाढेनात.

कारण कळायला आणखी दहाबारा वर्षं गेली. गाईचं इन्सुलिन आणि माणसाचं इन्सुलिन जवळजवळ सारखं असतं. वाढीच्या हॉर्मोनचं तसं नाही. माणसाला ते माणसाचंच लागतं, फार तर माकडाचं. १९५८ साली बोस्टनच्या मॉरिस रेबेन यांनी मृत माणसांच्या ग्रंथींतून काढलेलं हॉर्मोन सतरा वर्षांच्या एका खुजा राहिलेल्या मुलाला टोचलं, आणि तो वाढायला लागला! वैद्यकाच्या एका नियतकालिकात छोटंसं पत्र छापून आलं, आणि जगभरच्या आईबापांच्या जिवाला आशा लागली.

इथे मी वाचता वाचता थांबले. मधुमेहाचं औषध खाटीकखान्यातून मिळत होतं. हे औषध मात्र फक्त शवागारातून मिळणार होतं. कोणाच्या तरी मुलाची उंची वाढायची, तर आधी पुष्कळ माणसं मरायला हवीत, आणि कवटी उघडून तो वाटाणा कोणीतरी काढून ठेवायला हवा. एका मुलाला वर्षभर औषध पुरवायचं तर डझनावारी ग्रंथी लागत.

अमेरिकेत सुरुवातीला नुसती धावपळ होती. ज्या डॉक्टरची शवागारात ओळख, त्याच्या पेशंटला औषध. काही पालक स्वतः शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांकडे जाऊन ग्रंथी मागत. आईबाप काय काय करतात! शेवटी १९६३ साली सरकारच्या मदतीने नॅशनल पिट्युइटरी एजन्सी निघाली. देशभरातून ग्रंथी गोळा करायच्या, हजारो ग्रंथी एकत्र करून त्यातून हॉर्मोन काढायचं आणि ते संशोधनात सामील झालेल्या मुलांना फुकट द्यायचं. १९६५ मध्ये पालकांनी आपली संस्थाही काढली. ब्रिटनमध्ये १९५९ पासून असाच कार्यक्रम सुरू होता, त्यात टॅनर अग्रभागी होते. तिथे शवागारातल्या कर्मचाऱ्यांना दर ग्रंथीमागे थोडे पैसे मिळत. मेलेल्याच्या नातेवाइकांना बऱ्याच ठिकाणी कोणी विचारलंही नाही. वाटाण्याएवढी तर वस्तू, त्यात काय विचारायचं, असं वाटलं असेल.

औषध इतकं दुर्मीळ, म्हणून ते कोणाला द्यायचं याचे नियम फार कडक होते. ज्यांच्या शरीरात हे हॉर्मोन खरोखरच नाही किंवा नावापुरतं आहे, अशीच मुलं निवडायची. ठरावीक उंची झाली की थांबायचं, कारण पुढचं मूल रांगेत उभं आहे. त्या वेळी हा मोठा अन्याय वाटला असेल. आज सगळं वाचल्यावर मला वाटतं, त्या टंचाईने किती मुलांना वाचवलं याची गणतीच नाही.

कारण १९८५ साल.

कॅलिफोर्नियातला एक मुलगा. लहानपणापासून चौदाएक वर्षं त्याने ही इंजेक्शनं घेतली. १९८४ मध्ये विशीत असताना त्याला चक्कर यायला लागली. मग चालताना तोल जायला लागला, मग बोलणं अडखळायला लागलं, आणि त्या वर्षाच्या नोव्हेंबरात तो गेला. डॉक्टरांनी मेंदू तपासला तर निघाला क्रॉइट्सफेल्ट-याकोब. हा आजार वर्षाला दहा लाखांत एखाद्यालाच होतो, आणि तोही बहुतेक साठीच्या पुढे. विशीतल्या पोराला कसा होईल? स्टॅनफर्डचे डॉक्टर रेमंड हिंट्झ यांनी एकट्याने हा प्रश्न विचारला आणि १९८५ च्या फेब्रुवारीत सरकारला पत्र लिहिलं, की ही इंजेक्शनं तर याचं कारण नसतील ना? एका केसवरून असं म्हणणं म्हणजे धाडसच. बऱ्याच जणांना ते पटलं नाही. पण दोन महिन्यांत डॅलस आणि बफेलो इथल्या आणखी दोघा तरुणांचे मृत्यू समोर आले. दोघांनीही तीच इंजेक्शनं घेतली होती. १९ एप्रिल १९८५ ला अमेरिकेत वाटप थांबलं, आणि लगोलग ब्रिटनमध्येही.

हा आजार जंतूने होत नाही, विषाणूनेही नाही. मेंदूतलं एक प्रथिन चुकीची घडी घालून घेतं आणि शेजारच्या प्रथिनांनाही तशीच घडी घालायला लावतं. वर्गात एकाने वहीचं पान फाडून विमान केलं की सगळा वर्ग विमानं करतो ना, तसं. स्टॅन्ली प्रुसिनर यांनी १९८२ मध्ये त्याला प्रायॉन असं नाव दिलं आणि पुढे १९९७ चं नोबेल मिळवलं. नेहमीच्या जंतुनाशकांनी प्रायॉन मरत नाहीत, रेबेन यांच्या पद्धतीतल्या ॲसिडनेही मरत नव्हते. आणि हजारो ग्रंथी एका भांड्यात घातल्यावर त्यातल्या एखाद्या माणसाला हा आजार असला, तरी सगळं भांडं नासलं. तो वाटाणा तर मेंदूला लागूनच असतो. म्हणजे ज्या पालकांनी हातापाया पडून औषध मिळवलं, त्यांनीच स्वतःच्या हाताने ते मुलांना टोचलं होतं. मी पुस्तक मिटून थोडा वेळ गॅलरीत जाऊन बसले.

अमेरिकेत सुमारे ७,७०० मुलांना हे औषध सरकारी कार्यक्रमातून मिळालं होतं, त्यातली तीसहून अधिक दगावली. ब्रिटनमध्ये सुमारे १,८५० मुलांना मिळालं, तिथे ऐंशीच्या आसपास गेली. सगळ्यात वाईट अवस्था फ्रान्समध्ये झाली. तिथे १,७०० च्या आसपास मुलं होती आणि मृत्यू १२० च्या वर. इंजेक्शन आणि आजार यांत दहा, वीस, तीस वर्षांचं अंतर असू शकतं. म्हणजे धडधाकट संसारी माणूस, आणि एक दिवस जिन्यावर तोल जातो.

"आधी कोणालाच कल्पना नव्हती का?" हा प्रश्न भाचीनेही विचारला. होती. १९७४ मध्ये एका स्त्रीला मृताच्या डोळ्याचा कॉर्निया बसवला आणि तिला त्यातून हाच आजार झाल्याचं प्रसिद्ध झालं होतं. एडिंबरोमध्ये मेंढ्यांच्या स्क्रेपी रोगावर काम करणारे ॲलन डिकिन्सन यांनी १९७६ साली ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलला स्पष्ट सांगितलं होतं, की या हॉर्मोनमधून हा धोका आहे. मेंढ्यांचा माणूस मुलांच्या डॉक्टरांना शहाणपण शिकवतो! सूचना पोचली, तिच्यावर चर्चा झाली, आणि वाटप चालू राहिलं. १९९६ मध्ये लंडनच्या हायकोर्टाने निकाल दिला, की १ जुलै १९७७ नंतर नव्याने कुणाचे उपचार सुरू करणं हा निष्काळजीपणा होता. न्यायाला तारीख लागते हे समजतं. पण जूनमध्ये पहिलं इंजेक्शन घेतलेल्या मुलाच्या आईला ती कशी समजवायची?

फ्रान्समध्ये १९८० साली पाश्चर इन्स्टिट्यूटच्या ल्यूक मोंतान्ये यांनी सावध केलं होतं. हेच पुढे एड्सच्या विषाणूसाठी नोबेल मिळालेले. तिथला खटला २००८ मध्ये उभा राहिला, २००९ मध्ये सगळे सुटले, २०११ मध्ये अपिलातही सुटले. तोवर काही आरोपी हयातही नव्हते. याहून जास्त लिहिवत नाही.

एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी. अमेरिकेत अल्बर्ट पार्लो नावाच्या शास्त्रज्ञांनी १९७७ पासून हॉर्मोन काढायची नवी पद्धत आणली, एका ग्रंथीतून जास्त आणि अधिक शुद्ध माल मिळावा म्हणून. प्रायॉनचं तर तेव्हा नावही नव्हतं. पण त्या गाळणीत प्रायॉनही गाळले गेले असावेत. कारण १९७७ नंतर ज्यांनी अमेरिकेच्या त्या सरकारी कार्यक्रमात उपचार सुरू केले त्यांच्यातल्या कोणाला हा आजार झाल्याची नोंद नाही. टापटिपीने काम करणाऱ्या एका माणसाने, कशापासून ते ठाऊक नसताना, कित्येक मुलं वाचवली.

आता गोष्ट वळण घेते. शवागारातलं औषध बंद झालं १९८५ च्या एप्रिलमध्ये, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये प्रयोगशाळेतलं औषध बाजारात आलं. सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या जेनेन्टेक कंपनीने १९७९ मध्येच माणसाच्या हॉर्मोनचा जीन ई-कोलाय या जिवाणूत घालून त्याच्याकडून ते बनवून घेतलं होतं. यातही एक रहस्यकथा आहे. पीटर सीबर्ग नावाच्या शास्त्रज्ञाने पुढे कोर्टात सांगितलं, की १९७८ च्या वर्षअखेरीला आपण विद्यापीठाच्या जुन्या प्रयोगशाळेतून जीनचा नमुना गुपचूप कंपनीत नेला होता. कंपनीने हे नाकारलं, पण १९९९ मध्ये विद्यापीठाशी वीस कोटी डॉलरला तडजोड केली. असो.

आज दिलं जातं ते सगळं हॉर्मोन असंच जिवाणूंकडून किंवा पेशींकडून करून घेतलेलं असतं. त्यात माणसाच्या मेंदूचा कणही नसतो, त्यामुळे वरच्या आजाराची भीती त्यात नाही. हे मी ठळक सांगते, नाहीतर माझं वाचून एखादी आई गरज असलेल्या मुलाचंही औषध बंद करायची! ज्या मुलांच्या शरीरात हे हॉर्मोन नाही त्यांना ते वरदानच आहे. लिओनेल मेस्सी त्यातलाच. अर्जेंटिनात त्याच्या उपचारांचा खर्च झेपेना, तो बार्सेलोना क्लबने उचलला. डिसेंबर २००० मध्ये त्याला घ्यायचा करार घाईघाईत चक्क कागदी रुमालावर लिहिला होता, आणि २०२४ मध्ये तो रुमाल लंडनच्या लिलावात साडेसात लाख पौंडांच्या वर गेला. (ही माहिती माझ्या नातवाची. बाकीचं त्याने ऐकूनही घेतलं नाही.)

पण औषध मुबलक झालं आणि एक नवा प्रश्न उभा राहिला. टंचाई होती तेव्हा प्रश्न होता, "कोणाला अगदी द्यायलाच हवं?" आता प्रश्न झाला, "आणखी कोणाला देता येईल?" कारखाना हवं तेवढं काढू शकतो, आणि वर्षाला एका मुलामागे दहा हजार डॉलरच्या पुढे मिळतात. १९९९ मध्ये जेनेन्टेकने अमेरिकन कोर्टात कबूल केलं, की मान्यता नसलेल्या कारणांसाठी आपण या औषधाचा प्रचार केला. पाच कोटी डॉलर भरले.

दोन अमेरिकन डॉक्टरांनी, ॲलन आणि फोस्ट यांनी, १९९० मध्ये एक कोडं घातलं होतं. दोन मुलं घ्या. दोघंही मोठेपणी सारखेच बुटके राहणार. एकाला मेंदूत गाठ झाली होती म्हणून हॉर्मोन कमी पडतं. दुसरा ठणठणीत आहे, त्याचे आईबापच बुटके. पहिल्याला औषध द्यायचं आणि दुसऱ्याला नाही, हे कोणत्या न्यायाने? बाकावर मागे बसावं लागलं किंवा पोरांनी चिडवलं, तर दोघांचं दुःख सारखंच. मी हे कोडं चार दिवस डोक्यात घोळवलं. दोन्ही बाजूंनी उत्तर देता येतं आणि दोन्हीकडे खटकतं.

याचा छडा लावायला अमेरिकेत सरकारी संस्थेने एक चाचणी केली. बुटकी, पण हॉर्मोन पुरेसं असलेली ६८ मुलं घेतली. काहींना औषध, काहींना नुसतं मिठाचं पाणी. आठवड्याला तीन वेळा, सरासरी चार वर्षांहून अधिक काळ. कोणाला काय मिळतंय हे मुलांना माहीत नाही. म्हणजे काही निरोगी मुलांनी शेकडो वेळा मिठाच्या पाण्याची सुई सोसली. यावर तेव्हा फार आरडाओरडा झाला, आणि तो व्हायलाच हवा होता. निष्कर्ष २००४ मध्ये छापून आला. औषधवाली मुलं दुसऱ्यांपेक्षा सरासरी ३.७ सेंटिमीटरनी जास्त वाढली. म्हणजे दीड इंच.

त्याच्या आदल्याच वर्षी, जुलै २००३ मध्ये, अमेरिकेच्या औषध प्रशासनाने एलाय लिली कंपनीला अशा मुलांसाठी परवानगी दिली होती. आजाराचं नाव इडिओपॅथिक शॉर्ट स्टेचर. मराठीत सांगायचं तर, कारण सापडलं नाही अशी कमी उंची. "कारण माहीत नाही" हे ग्रीकमधून सांगितलं की आजारासारखं वाटायला लागतं! पात्रता काय, तर तक्त्यावर सर्वांत खालची १.२ टक्के मुलं. हजारात बारा.

आता गणिताच्या बाई नसले तरी एवढं मला कळतं. या बारा जणांना औषध दिलं आणि ते पुढे सरकले, तर हजारात खालचे बारा उरतातच. नवे. रांग कितीही उंच करा, पहिला नंबर कोणाचा तरी असतोच.

आणि इथेच मला माझा वामन आठवला. काही वर्षांपूर्वी एका लग्नात भेटला. आता त्याचं किराणा मालाचं मोठं दुकान आहे. उंची म्हणाल तर माझ्या खांद्याशी, आणि मीही काही उंच नव्हे. मी धीर करून म्हटलं, "अरे, तुला तीन वर्षं वामन केलं, राग आला असेल ना माझा?" तो हसला. म्हणाला, "नाही हो बाई. वामन तर आवडायचा, सगळे टाळ्या वाजवायचे. पण रांगेत पहिला असायचो ना, पी.टी.च्या सरांची पहिली छडी कायम मलाच. मागच्यांपर्यंत येईतो सर दमलेले असायचे." मी हसले, पण घरी आल्यावर फार लागलं मनाला. तेहतीस वर्षांत रांग उलटी लावून पाहायचंही आम्हाला सुचलं नाही. त्याला दीड इंच मिळाला असता तर छडी चुकली असती का? कदाचित दुसऱ्या नंबरवर गेला असता. मग पहिली छडी दुसऱ्या कोणाला.

असो. शवागारातल्या औषधाची गोष्ट १९८५ मध्ये संपली असं वाटत होतं, पण संपली नव्हती. लंडनमध्ये जॉन कॉलिंज आणि त्यांच्या सहकाऱ्यांना २०१५ मध्ये असं दिसलं, की या इंजेक्शनांमुळे दगावलेल्या काहींच्या मेंदूत अल्झायमरमध्ये सापडतं ते प्रथिनही साठलेलं आहे, आणि तेही तरुण वयात. त्यांनी जपून ठेवलेल्या त्या वेळच्या औषधाच्या जुन्या कुप्या शोधून काढल्या. त्यातही ते निघालं. जानेवारी २०२४ मध्ये त्यांनी अशा आठ जणांची माहिती प्रसिद्ध केली. लहानपणी इंजेक्शनं घेतलेल्या या लोकांपैकी पाच जणांना अल्झायमरसारखा विसराळूपणा लागला होता, सुरुवात वयाच्या ३८ ते ५५ मध्ये. अल्झायमर काही एकाचा दुसऱ्याला लागत नाही, हे ते शास्त्रज्ञही बजावून सांगतात. हा त्या एका जुन्या औषधाचा प्रताप. पण एकोणीसशे साठ-सत्तरच्या दशकांत शाळेत रांगेत पहिली उभी राहणारी ती मुलं आज पन्नाशी-साठीत आहेत, आणि त्यांच्या नावाची चौकशी अजून संपलेली नाही.

आता भाचीचं. तिला मी दोनच गोष्टी सुचवल्या. पहिली, कोणत्या तक्त्यावर मुलगा मोजला ते विचार. परदेशी तक्त्यावर आपली पुष्कळ धडधाकट पोरं उगीच खाली दिसतात. भारतीय मुलांचे वेगळे तक्ते आहेत. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१५ मध्ये ते प्रसिद्ध केले, आणि त्या कामात आपल्या पुण्याचे डॉ. वामन खाडिलकर पुढे होते. (नाव वाचून मी दचकलेच!) दुसरी, एका आकड्यावर काही ठरवू नका, वर्षात किती वाढला ते पाहा.

त्यांनी दुसऱ्या डॉक्टरांना दाखवलं. डाव्या हाताच्या मनगटाचा एक्स-रे काढला. पोराचं वय अकरा, पण हाडं नऊ वर्षांच्या मुलाची. मग जावईबापूंना आठवलं, की दहावीपर्यंत तेही वर्गात सगळ्यांत लहान होते आणि कॉलेजात गेल्यावर एकदम ताडासारखे वाढले. हे आधी सांगायला काय झालं होतं! हॉर्मोनची तपासणीही केली. रिकाम्या पोटी नेऊन दर अर्ध्या तासाने रक्त काढलं. मुलगा अजिबात रडला नाही, नर्सबाईंना फक्त विचारत होता, अजून किती वेळा. रिपोर्ट ठीक आला. डॉक्टर म्हणाले, सध्या काही नको, सहा महिन्यांनी पुन्हा मोजू.

मी तिला म्हटलं, "दाराच्या चौकटीवर रेघ मारून ठेव." तर म्हणाली, "मावशी, रंग नुकताच दिलाय गं." शेवटी कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला मारली आहे, तारखेसकट. तिचा फोटोही पाठवला. दाराला बिलगून उभा आहे पठ्ठ्या, आणि टाचा किंचित वर.